गावठाणाला लागून भरमार (ठासणीची बंदूक) उडवली, छर्रे कोठ्यावर आले. पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली. पुढे काय करावं?

बोरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्हा, सेलू तालुका. आमचं घर गावठाणाच्या अगदी शेवटी आहे. आधी घर, त्याला लागून ओसरी, मग ढोरांचा कोठा, मग काटेरी कुंपण, आणि कुंपणापलीकडे लगेच शेजाऱ्याचं वावर. त्यात यंदा हरभरा आहे. कुंपणापासून वीस-पंचवीस पावलांवर त्याचं मचाण आहे. रात्री तो जागलीला येतो.

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमारास त्या मचाणावरून बार झाला. थोड्या वेळानं दुसरा. दुसऱ्या वेळी कोठ्याच्या टिनावर कोणी मूठभर गोटे फेकून मारल्यासारखा आवाज आला. ढोरं दावणीला हिसके देऊ लागली. माझी आई ओसरीतच झोपते, तिच्या खाटेपासून कोठ्याची भिंत हातभर अंतरावर. सकाळी उजेडात पाहिलं तर कोठ्याच्या मागच्या टिनाला भोकं, आतल्या सागवानी खांबात रुतलेले छर्रे, आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला काळा पडलेला काथ्याचा गोळा.

रात्रीच 112 ला फोन केला होता. गाडी आली, त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सकाळी ठाण्यात या म्हणाले. ठाण्यात अदखलपात्र नोंद केली, कागद हातात दिला आणि कोर्टात जा म्हणून सांगितलं. शेजारी म्हणतो की ती बंदूक नव्हतीच, माकडं हाकलायची पाइपची कार्बाइड गन होती. वरून असंही सांगतो की आमचा त्याच्याशी धुऱ्याचा (बांधाच्या हद्दीचा) वाद आहे म्हणून मी खोटं बोलतो. धुऱ्याचा वाद आहे, हे खरं. वडिलांच्या वेळेपासून आहे. पण आईच्या खाटेशेजारी छर्रे येणं आणि धुरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला कोणालाच पटवून देता येत नाहीये.

कायद्यानं घरापासून किती अंतरावर बंदूक चालवता येते? एनसीच्या पुढे काय करता येतं? कोणाला अनुभव असेल तर सांगा. भांडण वाढवायचं नाही, पण हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

दादा, आधी आईंना आतल्या खोलीत झोपवा. बाकी सगळं नंतर. आणि एनसी कशाची घेतली त्यांनी? घराच्या दिशेनं गोळी झाडली म्हणजे सरळ 307. एसपींकडे जा, खुनाचा प्रयत्न लावायला सांगा. आमच्या मामाच्या गावी असंच झालं होतं, मोठं कलम लागल्याशिवाय कोणी हललं नाही.

कोर्टकचेरी

बोरकाठ भाऊ, मी फौजदारी वकिली करतो, तुमच्याच पट्ट्यात. सविस्तर लिहितो, कारण इथे पहिल्या आठवड्यात जे कागदावर येतं त्यावर पुढची दोन-तीन वर्षं जातात.

आधी 307 बद्दल. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 109 आहे. त्यात मारण्याचा इरादा किंवा मरण ओढवेल याची जाणीव सिद्ध करावी लागते. शेजारी रात्री पिकाच्या जागलीला आला होता, हे तुम्हीच सांगता आहात. मग तक्रारीत "मला ठार मारण्याच्या उद्देशानं" असं लिहिलं की पहिल्याच दिवशी समोरच्या वकिलाच्या हातात धुऱ्याचा वाद आयता येतो. "बघा साहेब, जुन्या वैरातून तिखटमीठ लावलं." त्यानंतर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मी अशा केसेस बुडताना पाहिल्या आहेत. छर्रे खरे असतात, भोकं खरी असतात, पण फिर्यादीतलं एक वाक्य खोटं असतं आणि तेच सगळं घेऊन बुडतं.

तुमच्या प्रकरणाला नेमकं बसणारं कलम वेगळं आहे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि कलम 25 ला पोटकलम 9 जोडलं गेलं. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बंदूक चालवून दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक याला लग्नातल्या गोळीबाराचं कलम समजतात, कारण त्यात आनंदाच्या प्रसंगी केलेल्या गोळीबाराचाही उल्लेख आहे. पण आधीचे शब्द वाचा. लग्न असो की जागल, धोका निर्माण केला की कलम लागतं. इथे इरादा सिद्ध करायची गरज नाही. कोणी जखमी व्हावं लागतं असंही नाही. सोबत न्याय संहितेचं कलम 125 लागतं, म्हणजे जुनं 336.

आता एनसी का घेतली ते सांगतो, कारण यात दरवेळी दुष्टपणा असतोच असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनं सीआरपीसी) पहिल्या अनुसूचीत सर्वसाधारण नियम आहे की इतर कायद्यांखालचे, 3 वर्षांहून कमी शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाणे अंमलदारानं 2 वर्षं शिक्षा पाहिली आणि तो तक्ता लावला असेल. पण शस्त्र अधिनियमाचं स्वतःचं कलम 38 आहे: या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र. विशेष कायद्यात वेगळं लिहिलं असेल तर अनुसूचीचा सर्वसाधारण नियम मागे पडतो. शिवाय कलम 125 स्वतःही दखलपात्र आहे. त्यामुळे दोन्ही कलमांखाली एफआयआर व्हायलाच हवी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगितलं आहे.

अंतराचा आकडा तुम्ही विचारला. शस्त्र अधिनियमात घरापासून अमुक मीटर असा सरसकट आकडा नाही. नेटवर सापडतात ते आकडे परदेशातले आहेत. आपल्याकडे प्रश्न एकच आहे, धोका निर्माण झाला का. तुमच्या खांबातले छर्रे त्याचं उत्तर देतात.

करायचं काय? ठाण्यात पुन्हा लेखी अर्ज द्या, त्यात कलम 25(9) आणि 38 स्पष्ट लिहा आणि दुय्यम प्रतीवर पोच घ्या. तरी एफआयआर झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज. तिथेही काही हललं नाही तर 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, शपथपत्रासह. हा क्रम चुकवू नका. अधीक्षकांकडे न जाता थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो.

निवृत्त जमादार

वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी जागेवरचं सांगतो. नोकरी सगळी यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत गेली. भरमारीची प्रकरणं बरीच हाताळली.

बोरकाठ भाऊ, तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तो काथ्याचा गोळा आहे. उचलला तर नाही ना?

कार्बाइड गनमध्ये पाणी आणि कार्बाइडचा गॅस पेटतो, आवाज होतो, बस. त्यात ठासणी नसते, छर्रे नसतात, काथ्या नसतो. भरमारीत नळीच्या तोंडातून आधी दारू टाकतात, वर काथ्या किंवा चिंधी गजानं ठासतात, मग छर्रे, आणि ते घरंगळू नयेत म्हणून वर पुन्हा काथ्या. बार झाला की तो काथ्या धुमसत बाहेर पडतो. हलका असतो, त्यामुळे लांब जात नाही. म्हणून तो कुंपणाच्या आत सापडला याचा अर्थ नळीचं तोंड जवळ होतं आणि घराकडे होतं. हुंगून पाहिलं तर दारूचा वास येतो, पण तुम्ही हुंगू नका, हात लावू नका. त्यावर पालथं घमेलं घाला, वर दगड ठेवा, पंचनामा होईपर्यंत तसंच राहू द्या.

दुसरी गोष्ट, भोकं. बाहेरच्या टिनाला भोक आहे आणि आत खांबात छर्रा आहे. म्हणजे एका सरळ रेषेवरचे दोन बिंदू तुमच्याकडे आहेत. पंचनाम्याच्या वेळी खांबातल्या छर्‍यापासून टिनाच्या भोकातून दोरी ताणून बाहेर काढायला सांगा. टिनावरचं भोक वर आणि खांबातलं खाली असेल तर दोरी बाहेर जाताना वर चढेल. ती मचाणाच्या बैठकीकडे गेली तर त्याचा फोटो आणि नकाशा पंचनाम्यात आलाच पाहिजे. दोन-तीन भोकांची दोरी घ्या, एकावर राहू नका. छर्रे चाकूनं उकरू नका. खांबाचा तेवढा तुकडा कापून सील करायचा असतो. तो न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, तिथे छर्रे कोणत्या जातीचे आहेत आणि तशा बंदुकीतून आलेले असू शकतात का ते पाहतात.

112 च्या फोनची वेळ त्यांच्याकडे नोंदलेली आहे. तुमच्या मोबाइलमधली कॉलची नोंद पुसू नका. फोटो ज्या फोननं काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. आता साक्ष अधिनियमाचं कलम 63 आहे, त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणि एक. ठाण्यात गेलात की "दोन्ही पार्ट्यांवर 126 करून टाकू" असं कोणी म्हणेल. जुनं 107. म्हणजे शांतता राखण्यासाठी दोघांकडून बंधपत्र. त्यात तुम्हीही गुन्हेगाराच्या बाकावर बसता आणि बंदुकीचा प्रश्न धुऱ्याच्या भांडणात विरून जातो. नम्रपणे सांगा, माझी तक्रार भांडणाची नाही, गोळीबाराची आहे.

तूर-कपाशी

बोरकाठ भाऊ, तुमच्या मायचं आयकून जीवाले लागलं. पन मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. मी बी हरभऱ्यात जागल करतो. डुकराचा कळप एका रातीत वावर उकरून ठेवते. रोही (नीलगाई) आले तं घाटे खाऊन पाय देऊन जाते. करंट लावला तं मानूस मरते, गुन्हा लागते, आन ते बरोबरच हाय, आमच्या बाजूच्या गावात मेला बी. पंचनामा करा, फारम भरा, पैसे येईपर्यंत पुढचं पीक येते. मंग शेतकऱ्यानं काय करावं? त्यानं तुमच्या घरावर नेम धरला नसन. अंधारात डुक्कर कुंपनाकडे पयालं असन, यानं बार टाकला असन. एका मानसाचं सारं आयुष्य कोर्टात जाईन. बसून बोलता नाही येत काय?

बोरकाठ

तूर-कपाशी भाऊ, राग नाही. मी पण शेतकरीच आहे, आमच्या तुरीतही डुकरं येतात. त्यानं नेम धरला असं मीही म्हणत नाही. पण मचाणावर बसणाऱ्याला कुंपणापलीकडे घर आहे हे दिवसाउजेडी माहीत असतं, अंधार झाला म्हणून ते घर तिथून उठून जात नाही. दुसऱ्या दिवशी मी बोलायला गेलो होतो. त्यानं चूक झाली एवढं म्हटलं असतं तर मी ठाण्याची पायरी चढलो नसतो. त्यानं बंदूकच नव्हती म्हटलं.

जमादार काकाजी, गोळा जागेवरच आहे. तुमचं वाचल्यावर घमेलं घातलं.

रानवाट

वन खात्याच्या बाजूनं थोडं लिहितो.

शेतकऱ्यानं काय करावं, हा तूर-कपाशी भाऊंचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणूनच त्याचं उत्तर नीट माहीत असलं पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 9 नं शिकारीला बंदी आहे, पण कलम 11(1)(ब) मध्ये माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका करणाऱ्या, अनुसूची 2 मधल्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी अधिकृत वन अधिकारी देऊ शकतो. रानडुक्कर त्यात बसतं. परवानगी नसताना डुक्कर मारलं तर तो शिकारीचा गुन्हा, बंदुकीचा परवाना असला तरी. बंदुकीचा परवाना आणि प्राणी मारायची परवानगी हे दोन स्वतंत्र कागद आहेत. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना वाटतं की पीक संरक्षणाचा परवाना आहे म्हणजे झालं.

परवानगी घेऊन मारायचं असलं तरी दिशा बघावीच लागते. पाठीमागे घर, रस्ता, पांदण असेल तिकडे बार टाकायचा नाही. बारीक छर्रे दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात, एलजी-एसजीसारखे जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून मचाण गावठाणाच्या बाजूच्या धुऱ्यावर, तोंड रानाकडे करून बांधायचं असतं. इथं मचाण जवळ असूनही तोंड गावाकडे होतं, खरा दोष तिथे आहे.

सेलू म्हटलं म्हणून आणखी एक. तुमचं गाव बोर अभयारण्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे बंदूक परवानाधारकाची नोंदणी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असावी लागते. ती आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

आणि झटका मशीन, म्हणजे हलका झटका देणारं कुंपण, लावा हो. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. थेट करंटपेक्षा आणि भरमारीपेक्षा लाख पटीनं बरं.

ग्रामसभा ताई

बोरकाठ दादा, मी एका ग्रामपंचायतीत सदस्य होते. तुमच्या गावात आता तंटामुक्ती समिती बसेल, पोलीस पाटील येतील, चार वडीलधारे येतील आणि मिटवून घ्या म्हणतील. त्यांचं मन वाईट नसतं. गावात रोज तोंडं बघायची असतात. पण या बैठकीत बाया नसतात. ओसरीत झोपणारी तुमची आई त्या बैठकीत नसेल. मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं की आईला बोलवा, तिला विचारा, मग मिटवायचं का ते ठरवू.

आणखी एक करता येतं. ग्रामसभेत ठराव घ्या: गावठाणाला लागून असलेल्या वावरात रात्री बंदूक चालवू नये, मचाणाचं तोंड गावाकडे नसावं, आणि गावात कोणाकडे परवाना आहे त्याची माहिती तपासून मिळावी अशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांना करावी. ठराव मोडल्यानं गुन्हा होत नाही, पण उद्या दुसऱ्या कोणाच्या घरावर छर्रे आले तर "आम्हाला माहीत नव्हतं" असं कोणाला म्हणता येणार नाही. शिवाय ठराव गावाचा असल्यानं तुमचं एकट्याचं वैर दिसत नाही.

कोर्टकचेरी

ताईंशी सहमत. परवान्याचा मुद्दा आला आहे, तर त्याबद्दल.

एफआयआर ही एक वाट झाली. दुसरी, माझ्या मते तितकीच महत्त्वाची, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडची. ग्रामीण भागात शस्त्र परवाना तेच देतात आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तो निलंबित किंवा रद्दही करू शकतात. त्यासाठी फौजदारी खटल्याचा निकाल लागायची वाट पाहावी लागत नाही. एफआयआरची प्रत, फोटो, 112 ची वेळ जोडून अर्ज करा: सदर इसमाकडे परवाना आहे काय, कोणत्या शस्त्राचा, कोणत्या क्षेत्रासाठी, याची चौकशी व्हावी. तुम्हाला "पुन्हा होऊ नये" एवढंच हवं आहे. त्या दृष्टीनं बंदूक घरातून बाहेर पडणं हे शिक्षेपेक्षा लवकर होणारं काम आहे.

आणि अपेक्षा वास्तवात ठेवा. या कलमांत शेजाऱ्याला बेड्या घालून नेणार नाहीत. जामीनपात्र आहे, 7 वर्षांखालची शिक्षा आहे, नोटीस देऊन जबाब घेतील. तो दुसऱ्या दिवशी गावात फिरताना दिसला म्हणजे पोलिसांनी पैसे खाल्ले असं समजू नका.

आईंच्या नावानं तक्रार द्यायची असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, महिलांना उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करा.

बोरकाठ

उशिरा लिहितो आहे. बरंच झालं.

ठाण्यात वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कलम 38 लिहून अर्ज दिला. अंमलदार म्हणाले, बघतो. काही झालं नाही, मग अधीक्षकांना रजिस्टर पोस्ट केलं. त्यानंतर नवीन अधिकारी स्वतः घरी आले. त्यांनी आईजवळ बसून जबाब घेतला. घमेलं उचललं, काथ्या सील केला, दोरीचा प्रकार मी सांगितला तर म्हणाले, करूच. तीन भोकांतून दोरी काढली. तिन्ही दोऱ्या कुंपणावरून वर चढत मचाणाच्या फळीकडे गेल्या. पंच म्हणून गावातलेच दोघं होते, त्यातला एक त्यांच्या भावकीतला. तो काही बोलला नाही, सही केली. सगळ्याचं चित्रीकरण झालं. एफआयआर झाली, प्रत मिळाली.

नंतर बंदूक सापडली. परवाना आहे म्हणून त्यानं कागद काढून दिला, पण तो त्याच्या वडिलांच्या नावाचा. काकाजी वारून बरीच वर्षं झाली. बंदूक कधी जमा केली नाही, नाव कधी बदललं नाही. म्हणजे परवानाच नाही. आता शस्त्र अधिनियमाचं कलम 3 आणि 25 लागलं आहे, अधिकारी म्हणाले किमान शिक्षा आहे त्यात.

खरं सांगतो, हे ऐकून मला बरं वाटलं नाही. ते काकाजी आम्हाला लहानपणी याच बंदुकीचा आवाज ऐकवायला नदीकाठी न्यायचे. शेजाऱ्याची बायको घरी येऊन रडून गेली. काल भावकीतले दोघं स्टॅम्प पेपर घेऊन आले. त्यावर लिहिलं आहे की गैरसमजातून तक्रार दिली होती, गोळीबाराची घटना घडलीच नाही, माझी आता कोणतीही तक्रार नाही. त्या बदल्यात धुरा माझ्या म्हणण्याप्रमाणे सोडायला तयार आहेत. आई म्हणते, बंदूक गेली ना, आता सोड. काय करू?

निवृत्त जमादार

काकाजी वारल्यावर बंदूक ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसानं स्वतंत्र अर्ज करायचा. परवाना सातबाऱ्यासारखा वारसाच्या नावावर चढत नाही. आपल्या भागात कितीतरी घरांच्या आढ्यात अशा बंदुका आहेत. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल तर उद्याच ठाण्यात जाऊन जमा करा, पावती घ्या. पकडून नेण्याआधी स्वतःहून नेलेली बरी.

स्टॅम्प पेपरवर सही करू नका. बाकी वकील साहेब सांगतील.

तूर-कपाशी

परवाना नव्हता हे मले माहीत नव्हतं. मंग गोष्ट वेगळी हाय. पन त्याच्या लेकरांसाठी वाईट वाटते. धुरा घेऊ नका भाऊ, त्या बदल्यात तं नाहीच. उद्या लोक म्हनतीन धुऱ्यासाठीच केलं.

कोर्टकचेरी

तूर-कपाशी भाऊंनी माझं अर्धं काम केलं. धुरा घेऊ नका. धुऱ्यासाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, फी भरा, हद्द कायम करून घ्या. ती वाट वेगळी, तिचा निकाल जो लागेल तो लागू द्या. या केसच्या बदल्यात इंचभरही जमीन घेतलीत तर शेजाऱ्यानं पहिल्या दिवशी केलेला आरोप तुम्ही स्वतःच्या सहीनं खरा ठरवाल.

आता तो स्टॅम्प. शस्त्र अधिनियमाचे गुन्हे आपसात मिटवता येणारे नाहीत, कलम 125 सुद्धा नाही. हा खटला राज्य विरुद्ध आरोपी आहे. तुम्ही, शेजारी, तंटामुक्ती समिती, कोणीही स्टॅम्पवर सही करून तो बंद करू शकत नाही. बंद करायचाच असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली अर्ज करावा लागतो, आणि विनापरवाना बंदुकीच्या बाबतीत तुमच्या संमतीला तिथेही फार वजन नाही, कारण तो गुन्हा तुमच्याविरुद्ध नाहीच. त्याला तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची शस्त्र अधिनियमाच्या कलम 39 ची मंजुरी लागेल, मगच खटला चालेल. हे शेजारच्या वहिनींनाही (शेजाऱ्याच्या बायकोला) शांतपणे समजावून सांगा. त्यांना कोणीतरी सांगितलं असेल की तुमची सही झाली की नवरा सुटेल. तसं होत नाही.

मग त्या स्टॅम्पनं होतं काय? "घटना घडलीच नाही" असं तुम्ही लिहून दिलं की पोलिसांना दिलेला जबाब खोटा ठरतो. खोटी माहिती देण्याबद्दल न्याय संहितेचं कलम 217, खोटा आरोप केल्याबद्दल कलम 248. ज्या हातानं तो स्टॅम्प आणला त्याच हातानं उद्या तो तुमच्याविरुद्ध कोर्टात दाखल होऊ शकतो. आईंचाही जबाब झालेला आहे, हे विसरू नका.

आईंचं मन मोडू नका. त्या सोड म्हणतात ते चांगलं आहे, आणि त्याची जागा कोर्टात आहे. साक्षीला बोलावलं की जे पाहिलं तेवढंच सांगा. नेम धरला होता का विचारलं, तर माहीत नाही सांगा. शिक्षेच्या वेळी कोर्ट पाहतं की कोणी जखमी झालं नाही, आधीचा गुन्हा नाही, बंदूक वडिलांची होती. तेव्हा आम्हाला सूड नको, असं आईंनी सांगितलं तर ते सरकारी वकिलामार्फत न्यायाधीशांपर्यंत पोहोचवता येतं.

बोरकाठ

स्टॅम्प परत केला. वहिनींना घरी बोलावून आई आणि मी दोघांनी समजावलं, त्यांच्यासाठी विधी सेवा समितीचा नंबर लिहून दिला, कारण वकिलाचे पैसे त्यांच्याकडेही नाहीत. मोजणीचा अर्ज आज भरला. ग्रामसभेचा ठराव ताईंनी सांगितलेल्या शब्दांत लिहून सरपंचांकडे दिला आहे, येत्या सभेत विषय घेतो म्हणाले.

रानवाट भाऊ, झटका मशीनच्या अनुदानासाठी कोणते कागद लागतात ते लिहाल का? आमच्या तुरीसाठी आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यासाठी मिळून एकच कुंपण होतं का, तेही विचारायचं होतं.

रानवाट

गावाच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत अर्ज जातो. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक लागेल. दोन लागून असलेल्या गटांचं मिळून सामूहिक कुंपण करायचं तर दोघांच्या सह्या लागतील. समितीच्या सचिवांना, म्हणजे तुमच्या बीटच्या वनरक्षकांना भेटा, फॉर्म त्यांच्याकडेच असतो.